बिनखाचेची गोळी

सुरेश, हात धुऊन बसलेय, बरं का. साबण लावून, पार कोपरापर्यंत. शिशाला हात लागला की आधी हात धुवायचे आणि मगच चहाचा कप धरायचा, हे मी तुला इतकी वर्षं ओरडून सांगत आले आणि तू दरवेळी दोन बोटं नळाखाली धरून "धुतले, धुतले" करत आलास. आज ओरडायला समोर कोणी नव्हतं, म्हणून मीच मला ओरडले. चहात आलं जरा जास्त पडलंय. तुला आवडला असता.

आत्ताच नेमबाजीच्या रेंजवरून आले. एकटी ड्राइव्ह करत गेले आणि एकटी आले. तिथे काय झालं ते तुला सांगायचंय, दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही. पण मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही. तूच म्हणायचास, "नागपूरकरांना मुंबईला जायचं असलं तरी ते आधी गोंदियाची गाडी पकडतात." तर पकडते गोंदियाची गाडी. ऐक.

इथल्या मराठी मंडळाने तुझ्यासाठी शोकसभा ठेवली होती. सगळे चांगलं बोलले. गणपतीत तू बर्फात उभा राहून पार्किंग सांभाळायचास असंही एकजण म्हणाला. गणपतीत कुठला रे बर्फ? पण भावना चांगली होती. तुझ्या मिसळीबद्दल बोलले, तू कोणाकोणाच्या गाड्या दुरुस्त करून दिल्यास त्याबद्दल बोलले. मी पुढच्या रांगेत बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, काय बाप्पा, हा कोण माणूस? कारण शनिवारचा सुरेश तिथे कोणालाच माहीत नव्हता. आपणच कोणाला सांगितलं नव्हतं. डेट्रॉइटजवळच्या नोव्हायमधल्या एका मराठी घरात नवरा-बायको गराजमध्ये बसून रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या ओततात, हे पॉटलकला पुरणपोळी वाढताना सांगायचं तरी कसं? एकदा एका काकूंनी फारच खोदून विचारलं, तेव्हा तू "मी ओतकाम करतो" म्हणालास. खोटं नव्हतंच ते. पुढच्या वर्षी त्या तुझ्याकडे पितळेच्या गणपतीची ऑर्डर घेऊन आल्या. तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. शोकसभेत मला नेमकं तेच आठवलं आणि खुदकन हसू आलं. शेजारणीला वाटलं मी रडतेय, तिने पाठीवर हात ठेवला, आणि मग मी खरंच रडले.

या सगळ्याला रॉय कारणीभूत. तुझ्या डाय शॉपमधला, साचे करायच्या कारखान्यातला, तो म्हातारा रॉय तुला एका शनिवारी रेंजवर घेऊन गेला आणि पुढच्या शनिवारी तू मला. पहिल्याच दिवशी माझे नेम तुझ्यापेक्षा बरे लागले. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण तू ते रॉयला कधी कबूल केलं नाहीस. विकतच्या काडतुसांवर तू फार दिवस टिकणार नव्हतासच. कोल्हापूरला उद्यमनगरात वडिलांच्या फाउंड्रीत तू लहानाचा मोठा झालास. वितळलेला धातू दिसला की तुझे डोळे असे काही व्हायचे की मला घरात सवत आल्यासारखं वाटायचं. मग आला काडतुसं भरायचा रॉयचा जुना प्रेस, मग आलं शिसं वितळवायचं भांडं. तू गराजचं दार उघडं टाकून गोळ्या ओतायचास, मी रिकामी पितळी कवचं साफ करायचे. आपल्या लेकीच्या, रेवाच्या, वाढदिवसांच्या मेणबत्त्यांची थुटकं तू एका डब्यात साठवून ठेवली होतीस. शिसं वितळलं की त्यातलं एक थुटुक आत टाकायचं, सगळी घाण वर येते. त्यामुळे आपल्या गराजला नेहमी वाढदिवसाचा वास यायचा.

रॉयने एक नियम सुरुवातीलाच आपल्या डोक्यात ठोकून बसवला होता. तो इंग्रजीत बोलला, मी मराठीत सांगते: दुसऱ्याच्या हातचं भरलेलं काडतूस कधीही उडवायचं नाही. कितीही जवळचा असू दे. त्याने आत किती पावडर घातली, घालताना त्याचं लक्ष कुठे होतं, तुला कळत नाही; आणि चूक त्याची असली तरी रिव्हॉल्व्हर तुझ्या हातात फुटतं. म्हणून आपले डबे वेगळे. तुझा निळ्या झाकणाचा, माझा लाल. एका ताटात जेवलो, एकमेकांचे स्वेटर घातले, एकाच टॉवेलवरून जन्मभर भांडलो, पण मी कधी तुझा निळा डबा उघडला नाही आणि तू माझा लाल.

आणि मग तू तो साचा केलास.

विकतचा साचा तुला चालणार नव्हता, डायमेकर ना तू! गराजमधल्या लेथवर तू स्वतः कटर बनवलास, ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात साचा कोरलास, आणि पहिली गोळी ओतून, गार करून, माझ्या तळहातावर ठेवलीस. चांदीसारखी चकचकीत. मी जन्मभर कारखान्यात क्वालिटी तपासणीचं काम केलेली बाई. तू बनवायचं आणि मी रिजेक्ट करायचं, असाच आपला संसार. मी चष्मा लावला, गोळी फिरवून पाहिली आणि विचारलं, "खाच कुठेय?"

तू गोळी हातात घेतलीस. फिरवलीस. पुन्हा फिरवलीस. आणि मग छाती काढून म्हणालास, "खाच लागतेच कशाला?"

वा रे वा!

खाच कशाला लागते हे शेंबड्या पोरालाही कळावं. रिव्हॉल्व्हरमध्ये एका वेळी सहा काडतुसं असतात. एक उडवलं की हाताला झटका बसतो, आणि उरलेल्यांनाही बसतो. कवच झटक्याबरोबर मागे येतं, गोळी जड, ती जागची हलायला तयार नसते, म्हणून दर झटक्याला ती कवचातून केसभर बाहेर सरकते. पाच उडवेपर्यंत सहाव्याची गोळी पुढे डोकावू शकते, आणि मग सिलिंडर अडकून बसतो. म्हणून गोळीच्या अंगावर खाच ठेवतात आणि पितळेची कड त्या खाचेत वळवून घट्ट दाबतात. क्रिंप करतात. तुझ्या गोळीला खाचच नाही, तर कड वळवायची कुठे?

"वळवायचीच नाही," तू म्हणालास. "पितळ मुळात घट्ट बसलंय. वरून नुसतं हलकं आवळायचं. बस झालं."

"सरकेल."

"नाही सरकत."

"कड शिशात चावली पाहिजे. चावल्याशिवाय धरत नाही."

"चावलं की शिसं सोलतं, गोळी वाकडी जाते. तुला काय बाई, तुला सगळं आवळायचंच असतं!"

असं आपण किती शनिवार घालवले, सांग बरं? जाताना गाडीत तेच, येताना डेट्रॉइटच्या ट्रॅफिकमध्ये तेच. रेवा घरी असली की वैतागून म्हणायची, "यू गाइज आर फायटिंग अबाउट अ लाइन!" हो ग बाई, एका रेघेवरच भांडत होतो. तू विसरलास की मुद्दाम ठेवली नाहीस, एवढं तरी सांग, असं मी हजारदा विचारलं असेल. तू हसायचास आणि कांदा चिरायला घ्यायचास.

उत्तर एकाच रीतीने मिळणार होतं. पाच उडवायच्या, सहावं काडतूस बाहेर काढायचं आणि मोजायचं. भरताना सगळ्यांची लांबी एकच. वाढली असेल तर मी जिंकले, नसेल तर तू. आणि मोजण्याचाही आपला नियम होता, तो मी घातला होता, कारण जो पैज लावतो त्याच्या डोळ्यांना हवं तेच दिसतं, हे मी कारखान्यात रोज बघत होते. एकाने लांबी मोजायचा व्हर्नियर काडतुसाला लावायचा, माप हलू नये म्हणून न बघता स्क्रू आवळायचा आणि दुसऱ्याच्या हातात द्यायचा. आकडा दुसऱ्याने वाचायचा. दुसऱ्याने वाचला तरच तो आकडा. तू तो कोल्हापूरहून आणलेला जुना व्हर्नियर लावायचास, डोळे मिटायचास आणि नाटकी आवाजात म्हणायचास, "वाचा, इन्स्पेक्टरबाई." पण या गोळीची पैज काही लागेना. कधी पाऊस, कधी थंडी, कधी पाहुणे, कधी तू म्हणायचास की अजून क्रिंप मनासारखा बसला नाही.

बुधवारी संध्याकाळी तू खाली बेसमेंटमधून वर आलास, निळा डबा भरून झाला होता, आणि म्हणालास, "शनिवारी तुझं तोंड बंद करतो, बघच तू." मी म्हटलं, "आधी हात धू."

गुरुवारी सकाळी बर्फ पडला होता. तू ड्राइव्हवे साफ करायला गेलास. बर्फ उडवायच्या मशीनचा आवाज येत होता, म्हणजे तू काम करत होतास, असंच मी धरून चालले होते. आवाज चालूच होता. नुसता मशीनचाच.

त्याबद्दल मी अजून लिहू शकत नाही. पुढे कधीतरी.

रेवा एवढ्या लांबून, बॉथेलहून, आली ती राहिली. तिने सगळं केलं रे, कागदपत्रं, फोन, सगळं. तुझ्यासारखीच आहे, दुःख झालं की हाताला काम शोधते. एक दिवस बेसमेंटमधून वर आली ती पांढरी पडून. "आई, तो निळा डबा पोलिसांना देऊन टाक ना. दे टेक दीज थिंग्ज. आय कान्ट स्लीप विथ दॅट डाउनस्टेअर्स." मी म्हटलं, देते. आणि दिला नाही. कारण मला तो उडवायचा होता. लाज नाही वाटत सांगायला. तुझ्या हातचं शेवटचं काम त्या डब्यात होतं आणि तुझं शेवटचं बोलणंही तेच, शनिवारी बघच. मला बघायचं होतं. मला ऐकायचं होतं, तू भरलेला आवाज. फुटलं हातात तर फुटू दे, असंही एकदा मनात आलं. रेवाला हे सांगू नकोस.

रॉयचा फोन आला. त्याने बरोबर ओळखलं. आता त्याची पंचाहत्तरी उलटली असेल, आवाज थरथरतो. म्हणाला, "तू ते उडवायच्या विचारात आहेस ना? सुरेश चिडेल. मी येतो, आपण ती काडतुसं उघडून टाकू." मी म्हटलं, ये, पण उघडणार मी.

डबा उघडला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, कोणाच्या तरी कपाटात हात घातलाय. सगळी काडतुसं टोक वर करून रांगेत उभी. तुझं काम एवढं नेटकं असतं हे मला माहीत होतं, तरी बघवेना. तो पोकळ डोक्याचा हातोडा आहे ना, काडतूस त्यात अडकवायचं आणि लाकडावर आपटायचं, की गोळी सुटून आत पडते. मी आपटत गेले. रॉय पावडर एका भांड्यात ओतत गेला. रेवा जिन्याच्या पायरीवर बसून बघत होती. काही गोळ्या एका ठोक्यात निघाल्या, काही हट्टाला पेटल्या, निघता निघेनात. एका गोळीला तर मी घामाघूम होईस्तो आपटलं आणि रडत रडत म्हटलं, "सोड ना आता!" तुझा क्रिंप एकसारखा नव्हता, सुरेश. सांगून ठेवते. अख्खा लॉट परत पाठवला असता मी.

मध्येच रॉय थांबला. साचा हातात घेऊन उलटसुलट करत होता. म्हणाला, "मी त्याला सांगितलं होतं, आण इकडे, लेथवर दहा मिनिटांत खाच पाडून देतो." मी विचारलं, मग? रॉयने रेवाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "त्याने शपथ घातली होती. पण आता काय! तो विसरला होता. साफ विसरला होता खाच. ज्या दिवशी तू विचारलंस, त्याच दिवशी मला फोन करून स्वतःवर हसत होता. मी म्हटलं, मग दुरुस्त करू. तर नको म्हणाला. खाच पाडली तर शनिवारी बायकोशी बोलू काय, म्हणाला."

तू विसरला होतास! अरे चोरा! हजारदा विचारलं मी! एवढी वर्षं मला वेड्यासारखी भांडायला लावून स्वतः कांदा चिरत बसलास! मी इतकी हसले की रेवा उठून आली आणि मला धरून बसली, आणि मग दोघी एकमेकींना धरून बसलो. रॉय उगाच नाक पुसत पितळ मोजत राहिला.

पावडर पुन्हा वापरायची नसते. बर्फ वितळला तेव्हा ती मी लॉनवर खतासारखी पसरली, कडेकडेने, जिथे तुझं गवत कधीच नीट यायचं नाही तिथे. गोळ्या मात्र फेकवेनात. गराजचं दार उघडलं, भांडं तापवलं आणि त्यात टाकल्या. रेवाने न सांगता तुझ्या डब्यातलं एक थुटुक काढून आत टाकलं. गुलाबी होतं, कुठल्या वाढदिवसाचं कोण जाणे. वास आला. ती म्हणाली, "बाबा." एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी बॉथेलला परत गेली. पोलिसांचं नाव पुन्हा काढलं नाही.

त्याच शिशाच्या गोळ्या मी पुन्हा ओतल्या, तुझ्याच साच्यात. पावडर माझी, पितळ माझं, हात माझे. भरल्या मात्र तुझ्या पद्धतीने, नुसतं हलकं आवळून. कड वळवली नाही, चावू दिली नाही. हात शिवशिवत होता रे, थोडं अजून आवळावं म्हणून. नाही आवळलं. लाल डब्यात ठेवल्या. नियम मोडला नाही, आणि तुझी पैजही सोडली नाही.

आज शनिवार. रेंजवर चिखल होता. आपली नेहमीची लेन रिकामी होती, कोणी मुद्दाम ठेवली होती की काय माहीत नाही. सहा भरल्या. पाच उडवल्या, सावकाश. नेम बरा लागला, तू जळला असतास. मग सिलिंडर उघडला, सहावं काडतूस काढलं. कोमट होतं. तुझा व्हर्नियर लावला, डोळे मिटले, स्क्रू आवळला आणि सवयीने डावीकडे, तू उभा असायचास तिकडे, हात लांब केला.

हात तसाच राहिला.

मग रॉय त्याच्या लेनवरून चालत आला, काठी चिखलात रोवत. तो सगळं समजला. अगदी हळू म्हणाला, "दे. मी वाचतो." चांगला माणूस आहे. त्याने वाचलं असतं तर बरोबरच वाचलं असतं. मी नको म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं नाही. माझी बॅग गाडीपर्यंत आणून दिली.

येताना रेडिओ लावला नाही. गाडीत तुझं आणि माझं दोघांचंही बोलून घेतलं. तू म्हणालास, नाही सरकली. मी म्हटलं, सरकली असणार. तू म्हणालास, पावडर कमी घातली असशील. मी म्हटलं, आता नवी पळवाट काढू नकोस. नेहमीच्या सिग्नलला मला हुंदका आला, मागचा हॉर्न वाजवत राहिला.

रॉयने खाच पाडून देतो म्हणून पुन्हा सांगितलंय. पाडणार नाही.

व्हर्नियर तुझ्या बेंचवर ठेवलाय, तुझ्या स्टुलासमोर. आकडा वर आहे, चष्मा लावून वाकलं की दिसेल. आल्यापासून चार वेळा त्याच्या समोरून गेले आणि चारही वेळा तोंड फिरवलं. स्क्रू मी घट्ट आवळलाय, सुटणार नाही. मोजलं मी आहे, सुरेश, म्हणजे मला वाचता येत नाही. वाचायचं काम तुझं.